खालच्या गॅलरीचं दार

दुपारी नदीवर जाऊन आलात ना सगळे? पाण्यात उतरलात, फोटो काढलेत. दोन्ही काठांना काँक्रीटचे ते दोन सुळके उभे आहेत, त्यांना टेकूनही काढले असतील. काढा, माझी काही हरकत नाही. पण डावीकडच्या सुळक्यापाशी अंधार पडल्यावर थांबू नका असं मी सकाळी म्हटलं, तेव्हा ह्या पुतण्यानं विचारलं, का म्हणून? सकाळी घाई होती. आता जेवणं झालीत, कुणाला कुठे जायचं नाही. बसा. आणि तो मोबाइल पालथा घाल, डोळ्यांवर येतो उजेड.

ही गोष्ट अर्धी मी ऐकलेली आहे आणि अर्धी ह्या डोळ्यांनी बघितलेली. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. धरणाच्या ऑफिसात मी नकाशे काढायचो आणि तो धरणाच्या पोटात गॅलरीवर ऑपरेटर होता. आम्ही सगळे त्याला व्हॉल्व्ह म्हणायचो. धरणातले सगळे व्हॉल्व्ह त्याच्या हातात असत हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याचं तोंड उघडायला दोन माणसं लागायची. त्याची बायको सांगते, लग्न ठरवायला आला तेव्हा तासभर बसून हा एकच वाक्य बोलला होता, 'पंखा जरा कमी करता का.'

धरण बाहेरून भरीव दिसतं, पण त्याच्या पोटातून एक अरुंद बोगदा जातो. त्याला गॅलरी म्हणतात. दीड माणूस मावेल एवढी रुंदी. भिंतीतून पाणी किती झिरपतंय, कुठे चीर पडली आहे का, हे बघायला माणूस आत फिरतो. आपल्या धरणाला अशा दोन गॅलऱ्या होत्या. वरची मधल्या उंचीवर. तिथून पायऱ्या उतरल्या की पार पायाशी खालची. दोन्हींच्या मध्ये एक लोखंडी दार. त्या दाराला बाहेरून, म्हणजे वरच्या बाजूनं, जहाजाच्या दारासारखं चाक होतं. आतून काही नव्हतं. बांधणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नाही की आत माणूस असू शकतो.

आता पाडायची गोष्ट. धरणाला बासष्ट वर्षं झाली होती, निम्म्याहून जास्त तळं गाळानं भरलेलं, आणि डागडुजी करत बसण्यात अर्थ उरला नव्हता. ते काढून टाकायचं ठरलं. तुम्हाला वाटतं, सुरुंग लावला की झालं. तसं केलं असतं तर खालची सगळी वस्ती गाळाखाली गेली असती. आधी पाणी थोडं थोडं उतरवायचं, मग एका ब्लॉकमध्ये, म्हणजे भिंतीच्या एका उभ्या तुकड्यात, वरून खाच पाडायची, तिच्यातून नदीला वाट द्यायची, गाळ किती सुटतो ते बघायचं, मग पुढची खाच. दोन वर्षं नुसता विचार चालला होता. मोठ्या ऑफिसातून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. चाळिशीच्या आत-बाहेर, पायात बूट, कानावर पेन्सिल. आवाज कधी चढवायच्या नाहीत. पण आकडा चुकला की नुसत्या तुमच्याकडे बघत राहायच्या, आणि तेवढ्यात तो तुम्हालाच दिसायचा.

मी तेव्हा रिटायर व्हायच्या बेतात होतो. जुने नकाशे पुन्हा काढायचं काम माझ्याकडे होतं. खालच्या गॅलरीचे कागद वाळवीनं खाल्ले होते. ती गॅलरी आतून माहीत असलेला जिवंत माणूस एकच होता, म्हणून मॅडमनी व्हॉल्व्हला घरून बोलावून आणलं.

मीटिंग मला अजून आठवते. टेबलावर धरणाचं थर्माकोलचं मॉडेल होतं. मॅडमनी पेन्सिलनं दाखवलं.

"काका, पहिली खाच ह्या पाचव्या ब्लॉकमध्ये. बरोबर त्याच्या बुडाशी खालची गॅलरी येते. आत पाणी आहे की कोरडी आहे, हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"भरलेली आहे," व्हॉल्व्ह म्हणाला. "छतापर्यंत. दार उघडू नका. वरून भोक पाडा, आत काँक्रीट ओता, भरीव करा आणि मग काय ते पाडा."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं.

त्याच्या सांगण्यावरून बेत ठरला. गॅलरी काँक्रीटनं भरायची, ब्लॉक फोडायचा, राडारोडा मशिनमधून बारीक करून नव्या रस्त्याखाली टाकायचा. मी नकाशावर त्या जागी लिहिलं, 'पाण्याने भरलेली'. पण मॅडमना नुसत्या शब्दावर भागत नसे. दारातून एक बारीक नळी आरपार गेली होती. तिच्यावर दाब मोजायचं गेज बसवायला त्यांनी सांगितलं. आत खरंच तळ्याचं पाणी असेल तर तळं उतरेल तसा गेजचा काटाही उतरायला हवा. रीडिंग दिवसातून दोनदा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. गेज व्हॉल्व्हनंच बसवलं आणि दोन्ही वेळा जायचंही त्यानंच अंगावर घेतलं. आम्हाला बरंच वाटलं. दीडशे पायऱ्या उतरायची हौस कुणाला होती?

दहा दिवस रीडिंग आली. तळं उतरत होतं, काटा उतरत होता. मी आलेख काढला. पट्टीनं ओढावी तशी रेघ. मॅडम तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग व्हॉल्व्हला म्हणाल्या, "उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर."

तो म्हणाला, "या."

तो दिवस मंगळवार होता. दोन वर्षांपूर्वीची नोव्हेंबरची एकोणीस तारीख.

रात्री पावणेनऊला व्हॉल्व्ह घरातून निघाला. बायको म्हणाली, येताना ब्रेड आण, सकाळसाठी नाही. त्यानं मान हलवली. थंडी होती, वारा अजिबात नव्हता. पिशवीत टॉर्च, पाना आणि एक छोटा हातपंप.

हातपंप कशाला? सांगतो.

रोज तो स्कूटर चौकीदाराच्या खोलीसमोर लावायचा. त्या रात्री पंपघराच्या मागे लावली. गॅलरीत शिरायचं जाळीचं दार होतं, आज जो डावा सुळका उरलाय त्यातच; ते उघडलं, आतले दिवे लावले आणि उतरायला लागला. दीडशे पायऱ्या. छतातून चुना पाझरून पांढरी शिंगं लोंबत असतात तिथे; बाजूच्या गटारातून पाणी वाहत असतं, त्याचा आवाज आपल्या मागून कुणी चालत असल्यासारखा येतो. व्हॉल्व्हला त्याचं काही नव्हतं. तीस वर्षं तो तिथेच वावरलेला. वरची गॅलरी संपली, पुढच्या पायऱ्या उतरला आणि दारापाशी बसला.

काटा शून्यावर होता.

दहा दिवस तो शून्यावरच होता. हो. गॅलरी कोरडी होती. सगळे आकडे व्हॉल्व्हनं घरी बसून, तळ्याच्या पाण्याची उंची बघून लिहिले होते. आणि उद्या मॅडम येणार, म्हणून तो नळीची तोटी बंद करून गेजमागे हातपंपानं पाणी भरून काटा वर चढवून ठेवायला आला होता. का, ते पुढे येईल. आधी त्या रात्रीचं ऐका. हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, त्याच्याच तोंडून, एकदाच.

त्यानं पाना नळीला लावला.

तेवढ्यात पाइप वाजला. एकदा.

दाराशेजारून एक जाड पाइप जातो, खालच्या गॅलरीतून निघून पार वर पंपघरापर्यंत. त्या काळी आत फोन नव्हता. खाली असलेला माणूस पान्यानं ह्या पाइपवर ठोका मारायचा, वरचा उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे 'ठीक आहे'. दोन म्हणजे 'उजेड पाठव'. तीन म्हणजे 'दार उघड'. ही खूण दोघांनीच ठरवलेली होती, व्हॉल्व्ह आणि त्याचा जोडीदार. तो जोडीदार म्हणजे जिराफ. सहा फूट तीन इंच उंच, आणि गॅलरीची उंची सहा फूट. बिचारा जन्मभर वाकून चालला. त्याला टेंगूळ नाही असा आठवडा मी बघितला नाही. बोलकाही भारी होता, व्हॉल्व्हच्या वाटणीचं तोच बोलायचा. त्या नोव्हेंबरच्या सव्वीस वर्षं आधी, पुराच्या रात्री, तो धरणावरून वाहून गेला. निदान आम्हा सगळ्यांना तसंच माहीत होतं. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी.

थंडीनं पाइप आकसतो आणि वाजतो, असं म्हणायचंय ना तुला? व्हॉल्व्हलाही तेच वाटलं. लोखंडाबरोबर त्याचं आयुष्य गेलं होतं. तो थोडा थांबला, पुन्हा पाना लावला.

पुन्हा एकदा वाजला.

त्यानं पंप तिथेच टाकला आणि वर निघाला. घाई केली नाही म्हणतो. पण पायऱ्या मोजल्या नाहीत, आणि तो नेहमी मोजायचा. अर्ध्या वाटेवर दिवे गेले. टॉर्च लावून वर पोचला तर जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप.

त्यात चौकीदाराची चूक नव्हती. स्कूटर दिसली नाही, त्याला वाटलं काका गेले. मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, खोलीत जाऊन रेडिओ लावून झोपला. व्हॉल्व्हनं हाका मारल्या. मोबाइलला रेंज नाही. जाळी हलवली. साडेनऊ वाजले होते, आणि सकाळपर्यंत कुणी येणार नव्हतं.

मग त्याला सुचलं की पाइप पंपघरात निघतो. कुणी जागं असेल तर ऐकेल. पाइप जाळीजवळूनच वर चढतो. त्यानं पाना घेतला आणि जोरात मारला. तीन ठोके.

हात आपोआप तीनवर थांबला. दार उघड.

आवाज वर गेला. खालीही गेला.

तो ऐकत राहिला. वरून काही नाही. गटाराचं पाणी तेवढं वाहत होतं.

आणि मग खालून... एक.

ठीक आहे.

त्यानं पुन्हा मारले. तीन.

थोडा वेळ काही नाही.

एक.

मी त्याला विचारलं होतं, अरे, प्रतिध्वनी असेल. तो म्हणाला, प्रतिध्वनी तीनचा तीन येतो.

किती वेळा मारले ते त्याला आठवत नाही. दर वेळी तीन. दर वेळी खालून एक, न चिडता, सावकाश, एखाद्याची समजूत काढावी तसा. शेवटी त्यानं पाना खाली ठेवला. टॉर्च पिवळी पडायला लागली होती.

खाली काहीतरी करकरलं.

हा आवाज त्याला हजारात ओळखू आला असता. दाराचं चाक. सव्वीस वर्षं न फिरलेलं चाक.

बसला असता तिथेच जाळीला पाठ लावून, तर बरं झालं असतं. पण त्याला दार उघडलेलं नको होतं. कशाहीपेक्षा जास्त तेच नको होतं. तो खाली पळाला. साठीचा माणूस, दीडशे पायऱ्या, हातात विझत आलेली टॉर्च. गॅलरी संपली. पायऱ्या. दार.

चाक फिरत होतं.

जोरात नाही. बोटभर फिरायचं. थांबायचं. बोटभर फिरायचं.

त्यानं दोन्ही हातांनी ते धरलं. टॉर्च खाली पडली, गडगडत गेली, विझली.

अंधार.

हातातलं चाक थांबलं. त्यानं धरल्याबरोबर थांबलं. पलीकडून जोर नव्हता. ओढ नव्हती. लोखंड गार होतं... आणि मग तितकं गार राहिलं नाही.

तो बोलला. आयुष्यात त्यानं पहिल्यांदा आपणहून बोलायला सुरुवात केली असेल. म्हणाला, "जिराफ."

काही नाही.

"जिराफ... तू आहेस का?"

गटारातलं पाणीही ऐकू येईना. बराच वेळ. इतका, की त्याला वाटलं संपलं.

मग पाइप वाजला. कानाशी. अगदी कानाशी.

दोन.

उजेड पाठव.

आणि त्याच्याजवळ उजेड नव्हता. काडी नव्हती. मोबाइल वर जाळीपाशी राहिला होता. तो मला म्हणाला, 'त्याला उजेड हवा होता रे, आणि माझ्यापाशी काही नव्हतं.' एवढं बोलून तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघत होतो.

त्यानंतर रात्रभर काही झालं नाही. ठोका नाही, करकर नाही. चाक जरासुद्धा हललं नाही. आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की पलीकडचा दार उघडत नाहीये. पलीकडचा थांबला आहे. व्हॉल्व्हनं उघडायची वाट बघत.

त्यानं नाही उघडलं. धरून बसला. सकाळपर्यंत.

सहा वाजून दहा मिनिटांनी चौकीदारानं जाळी उघडली, मोबाइल पडलेला बघितला आणि खाली गेला. व्हॉल्व्हची बोटं चाकावरून एकेक करून सोडवावी लागली. वर आणून चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. म्हणाला, मॅडमना बोलवा, आणि माझं नाव घेऊन म्हणाला, त्यालाही बोलवा.

सात वाजता मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. टेबलावर थर्माकोलचं धरण तसंच. व्हॉल्व्ह त्या धरणाकडे बघून बोलत होता.

पुराच्या त्या रात्री पाणी धरणाच्या माथ्याशी आलं होतं. खालच्या गॅलरीत निचऱ्याचं एक जुनं भोक फुटलं आणि पाणी उसळायला लागलं. दोघे खाली गेले. जिराफ टोकाशी जाऊन भोक बुजवायला लागला, व्हॉल्व्ह मोठा पाना आणायला वर आला. परत येतो तर पाणी पायऱ्यांवरच्या लाल पट्टीला लागलेलं. नियम असा होता, की पाणी लाल पट्टीला लागलं की दार लावायचं, आत कुणीही असो. पाणी वरच्या गॅलरीत शिरलं असतं तर पुराचं पाणी सोडायच्या दरवाज्यांच्या मोटारी बुडाल्या असत्या, दरवाजे उघडले नसते आणि धरण माथ्यावरून फुटलं असतं. त्यानं दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. त्यानं दार ओढून घेतलं आणि चाक फिरवलं. वर जाऊन साहेबांना सांगितलं की जिराफ माथ्यावरून वाहून गेला.

मॅडम म्हणाल्या, "खोटं का सांगितलंत? नियमाप्रमाणेच केलं होतंत."

"त्याची बायको वर येऊन उभी होती," तो म्हणाला. "ती म्हणाली असती, दार उघडा. आणि तेव्हा मला उघडता आलं नसतं." मग म्हणाला, "पहिल्या रात्री दार लावलं, ते बरोबर लावलं. खाली चार हजार माणसं झोपली होती. त्याचं मला काही वाटत नाही, मॅडम. पण सकाळी पाइप वाजला."



पाणी लाल पट्टीवर येऊन थांबलं होतं. गाळानं भोक आपोआप बुजलं असावं. जिराफ वरच्या पायऱ्यांवर होता. जिवंत होता. वरचे सगळे लोक दरवाज्यांवर अडकलेले, पंपघर बंद. गॅलरीत फक्त व्हॉल्व्ह. स्वतःची पाळी आणि जिराफचीही, दोन्ही तोच करत होता. त्यानं स्वतःला सांगितलं की पाइपात पाण्याचा दणका बसतोय. मग सांगितलं की दार उघडलं तर आतलं पाणी अंगावर येईल. मग सांगितलं की आता उघडलं तर कालचं काय सांगू. वर जिराफच्या बायकोला लोक धरून बसले होते, नदीकाठी शोध चालला होता.

"तो तीन वाजवायचा," व्हॉल्व्ह म्हणाला. "मी एक वाजवायचो."

त्यानं थर्माकोलच्या धरणाच्या बुडाशी बोट टेकवलं.

"त्याला वाटायचं, मी आहे. काहीतरी करतोय. म्हणून तो थांबायचा. थोड्या वेळानं परत वाजवायचा. मी एक वाजवायचो."

मॅडमनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. बराच वेळ त्यांनी ती बोटांनी नुसती फिरवली. मग मला म्हणाल्या, "नकाशावर 'पाण्याने भरलेली' लिहिलंय, ते खोडा." आणि पोलिसांना फोन लावला.

त्याच दिवशी, बुधवारी, सकाळी साडेअकराला दार उघडलं. मॅडम, दोन फिटर, पोलीस, फोटो काढणारा, आणि मोजमापं घ्यायला मी. व्हॉल्व्ह वर जाळीपाशी उभा होता, शेजारी एक हवालदार. चाक इतकं गंजलेलं होतं की दोन्ही फिटरांनी लोखंडी नळ्या घालून जोर लावला तेव्हा कुठे ते फिरलं. आदल्या रात्री ते बोटभर फिरत होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

आत कोरडं होतं. पायऱ्यांवर गाळाचा सुकलेला थर. जिराफ वरून चौथ्या पायरीवर बसलेला होता, भिंतीला टेकून. म्हणजे जे उरतं ते. पाय लांब, तीन पायऱ्या खाली गेलेले. पाना मांडीवर. शेजारचा पाइप एका जागी ठोकून ठोकून चपटा झाला होता. बशीएवढी जागा. मी ती मोजली. माझं काम होतं ते. 

जिराफची बायको तीन वर्षांपूर्वीच गेली होती. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, तिला कळवलं. दुपारी ती युनिफॉर्मवरच आली. वडिलांसारखीच उंच, जाळीच्या दारातून वाकून आत आली. सगळं बघितलं. आरडाओरडा नाही, काही नाही. बाहेर आली आणि व्हॉल्व्हसमोर उभी राहिली. हवालदार मध्ये यायला लागला, मॅडमनी त्याला खुणेनं थांबवलं.

"किती दिवस वाजवत होते?" तिनं विचारलं.

व्हॉल्व्ह म्हणाला, "चार."



"काका, तुम्ही दर वर्षी आमच्याकडे यायचात," ती म्हणाली. "आई तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. ती म्हणायची, ह्यांना बोलता येत नाही, पण ह्यांच्याइतकं कुणाला दुःख झालं नाही."

तो खाली बघत होता. तिनं त्याला हात लावला नाही, शिवी दिली नाही. वडिलांना घेऊन गेली.

पुढचं तुम्हाला साधारण माहीत आहे. गॅलरी कोरडी निघाली म्हणून सगळा बेत बदलला, पाचव्या ब्लॉकमध्ये आतूनच काम करता आलं आणि मागच्या उन्हाळ्यात नदी मोकळी झाली. खालच्या वस्तीत एकाही घराला ओल लागली नाही. मॅडम म्हणाल्या, भरलेली समजून वरून ओतकाम केलं असतं तर ब्लॉक कुठे फाटला असता ते सांगता येत नाही. म्हणजे एका परीनं... पण ते राहू दे.

व्हॉल्व्हवर केस झाली. तारखा पडत राहिल्या. तिसऱ्या तारखेच्या आधीच तो गेला, झोपेत. त्याची बायको म्हणते, शेवटी शेवटी तो रात्री उठून भिंतीवर बोटानं टकटक करायचा, तीनदा, आणि कान देऊन बसायचा. कशाची वाट बघायचा ते तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता एकच राहिलं. हे कुठल्याही रिपोर्टात नाही.

दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, त्यामुळे बिजागऱ्या आत होत्या. तीन, तळहाताएवढ्या. चाक फिरलं तेव्हा दोन्ही फिटर दार ढकलायला खांदे लावून तयार झाले. मोठ्या फिटरनं आधी नुसता हात लावून बघितला. आणि ते दार, अर्ध्या टनाचं, सव्वीस वर्षं बंद असलेलं, तेवढ्यानं उघडलं. आवाज न करता. फिटर तोल जाऊन आत पडता पडता राहिला.

बाकीचे पायऱ्यांकडे बघत होते. तो बिजागऱ्यांकडे बघत होता. त्यानं मला हाक मारली नाही, नुसती माझी बाही धरून ओढली आणि टॉर्च मारली. मग मॅडमही वाकल्या.

बाहेरचं लोखंड पोपडे सुटलेलं होतं. आतल्या तिन्ही बिजागऱ्यांना ग्रीस लावलेलं होतं. जुनं ग्रीस काळं पडतं, दगडासारखं होतं. हे पिवळं होतं. मऊ. फिटरनं बोट लावलं तर बोट बुडालं.

तो म्हणाला, "मॅडम, हे ह्या आठवड्यातलं आहे."